वणव्यावरचं हेलिकॉप्टर आणि त्याच्यामागे धावणारे ट्रक

रानवारा

अमेरिकेतल्या वणव्याची बातमी लागली की हेलिकॉप्टर बादलीने पाणी ओततंय हे दृश्य ठरलेलं. ते हेलिकॉप्टर तिथे पोचतं कसं, राहतं कुठे, त्याच्याबरोबर कोण असतं, यावर हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान पकडावा.

आधी माणसं. बहुतेक हेलिकॉप्टरं सरकारच्या मालकीची नसतात. वनसेवा किंवा जमीन व्यवस्थापन खातं ती खासगी कंपन्यांकडून कराराने घेतं. करार दोन प्रकारचे. एकात यंत्र ठरलेल्या दिवसांसाठी पूर्णपणे बांधून घेतलेलं असतं, दुसऱ्यात गरज पडली तर बोलावतात. पायलट, मेकॅनिक आणि इंधन ट्रकचा ड्रायव्हर ही कंपनीची माणसं. हेलिटॅक पथक सरकारी: प्रमुख, त्याचा सहायक आणि जमिनीवर उतरून कुदळ-करवत चालवणारे जवान. पथकप्रमुख पायलटला काम सांगतो, पण 'उडच' असा हुकूम देऊ शकत नाही. पायलट नाही म्हणाला की विषय संपला. उलट पायलट तयार असला तरी प्रमुख उड्डाण थांबवू शकतो.

कंपनीला पैसे दोन भागांत मिळतात: यंत्र सज्ज ठेवल्याचे दिवसाचे आणि उड्डाणाचे तासावर. मेकॅनिक जागेवर नाही, ट्रक बिघडलाय, तर यंत्र 'अनुपलब्ध' आणि तेवढ्या वेळाचे पैसे कापले. त्यामुळे ट्रकच्या टायरची काळजी रोटरइतकीच घ्यावी लागते.

हंगाम दक्षिणेकडून सरकतो. एप्रिल-मेपासून ॲरिझोना, न्यू मेक्सिको. जुलैत तिथे त्यांचा 'मान्सून' येतो (हो, तिकडेही हाच शब्द) आणि काम आयडाहो, मोंटाना, नेव्हाडाकडे वळतं. शरद ऋतूत कॅलिफोर्नियात कोरडे सांता ॲना वारे सुटतात. देशपातळीवरची वाटणी आयडाहोतल्या बॉइसी इथल्या राष्ट्रीय केंद्रातून होते. सज्जतेच्या पातळ्या १ ते ५. पाचवर गेली की यंत्रं कमी आणि मागणी जास्त, मग तुमचा तळ कागदावरच उरतो.

आता खरी गोम. हेलिकॉप्टर उडतं स्वतःच्या वेगाने, पण कामाला लागतं ट्रकच्या वेगाने. प्रेस्कॉटहून बॉइसीला जायचं तर हवाई अंतर हजार-साडेदहाशे किलोमीटर. ताशी सव्वादोनशेने पाच तासांच्या आत, वाटेत विमानतळांवर इंधन घेऊन, त्याच दिवशी पोच. रस्ता मात्र सुमारे १४०० किलोमीटरचा. सरकारी ड्रायव्हरला दिवसात १० तासांपेक्षा जास्त स्टिअरिंगवर बसता येत नाही, म्हणजे ट्रक दुसऱ्या दिवशी. तोवर हेलिकॉप्टर विमानतळावर उभं: बादली, जाळी, करवती, स्वतःचं इंधन सगळं मागून येतंय. अनुभवी पथकं म्हणून हुकूम येताच इंधन ट्रक आधी काढतात आणि हेलिकॉप्टर दुपारी.

---

सुमेधा_ठाणे

छान धागा. एक प्राथमिक प्रश्न. 'टाइप १, २, ३' असं वाचनात येतं, मोठं कुठलं? आणि हेलिकॉप्टर एका खेपेत किती पाणी नेतं?

---

रानवारा

टाइप १ सगळ्यात मोठं. किमान क्षमता ७०० अमेरिकी गॅलन, म्हणजे साधारण २६५० लिटर. चिनूक, स्कायक्रेन यात येतात. टाइप २ ला किमान ३०० गॅलन (११३५ लिटर), उदा. बेल २१२. टाइप ३ ला १०० गॅलन (३८० लिटर), उदा. बेल ४०७ किंवा एअरबसचं एच-१२५, ज्याला जुनी मंडळी अजून ए-स्टार म्हणतात. फिरतं हेलिटॅक पथक बहुधा टाइप ३ किंवा २ बरोबर असतं.

"एका खेपेत किती" याला मात्र एक आकडा नाही. तो रोज सकाळी काढावा लागतो.

---

जुना_खलाशी

तो आकडा कसा निघतो ते लिहितो, कारण या धंद्याचा कणा तोच आहे. हिशोब पाउंडात चालतो (१ पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम). खालचे आकडे टाइप ३ चं उदाहरण म्हणून घ्या, प्रत्येक यंत्राचे वेगळे असतात.

रिकामं यंत्र उपकरणांसह ३१०० पाउंड. पायलट २००. इंधन ६० गॅलन, म्हणजे ४००. एकूण ३७००. या इंधनावर सव्वा तास उडेल, पण २० मिनिटांचं राखीव सोडलं तर हाती ५५ मिनिटं.

आता त्या उंचीला आणि त्या तापमानाला यंत्र हवेत स्थिर राहून किती वजन पेलेल हे कंपनीच्या तक्त्यात बघायचं. स्थिर राहण्याचे दोन प्रकार: जमिनीच्या अगदी जवळ, जिथे खालून हवेची गादी मिळते, आणि जमिनीपासून दूर, जिथे ती मिळत नाही. बादलीचं काम दुसऱ्या प्रकारात. समजा तक्ता म्हणाला ५०००.

माणसं न्यायची असतील तर यातून यंत्राच्या मॉडेलनुसार ठरलेली सुरक्षा-वजावट काढावीच लागते. समजा १७०. उरले ४८३०, वजा ३७००, म्हणजे ११३० पाउंड. सामानासकट माणूस २४० धरला तर चार जवान, वर १७० पाउंडांत हत्यारं आणि पाणी. पाचवा जवान दुसऱ्या खेपेला.

बादली असेल तर ही वजावट ऐच्छिक, कारण अडचण आली की पायलट बटण दाबून सगळं ओझं खाली सोडू शकतो. ५००० वजा ३७०० म्हणजे १३००. बादली आणि दोराचे १५० गेले. उरले ११५०. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे १३८ गॅलन, सव्वापाचशे लिटरच्या आत.

तापमान ५ अंश सेल्सिअसने किंवा उंची १००० फुटांनी बदलली की हिशोब नव्याने. सकाळी चार माणसं नेणारं यंत्र दुपारी त्याच जागेवरून तीनच उचलतं ते यामुळे.

---

कातळ

उंची-तापमानाचा झटका किती असतो हे आकड्यात सांगता येईल का? ७००० फूट म्हणजे तर आपल्या मसुरीएवढं, फार वाटत नाही.

---

जुना_खलाशी

कातळ, ढोबळ सूत्र असं: समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना २ अंश कमी. ७००० फुटांवर प्रमाण १ अंश. दुपारी तिथे ३२ असेल तर फरक ३१ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरा, म्हणजे ३७२० फूट. इंजिन आणि पाती यांच्या दृष्टीने तुम्ही पावणेअकरा हजार फुटांवर उभे आहात. पश्चिमेकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे रोजचं.

---

पान्हा१३

यंत्राच्या पोटाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हा प्रतिसाद.

पायलटला दिवसात ८ तास उड्डाण आणि १४ तास ड्यूटी ही मर्यादा. सलग सहा दिवसांत ३६ तास भरले की पुढचा दिवस सुट्टी, आणि कुठल्याही परिस्थितीत ४२ च्या वर नाही. दोन ड्यूट्यांमध्ये १० तास विश्रांती. १४ दिवसांत २ दिवस सुट्टी. म्हणून मोठ्या करारांत बदली पायलट असतो. पायलटला शक्यतो हॉटेलात ठेवतात, त्यात लाड काही नाही. जनरेटर आणि पहाटेच्या ट्रकांच्या आवाजात तंबूत झोप लागत नाही आणि मग विश्रांतीचे १० तास नुसते कागदावर भरतात.

मेकॅनिकचं उलट. यंत्र उतरलं की त्याचा दिवस सुरू. काय बघतो?

पहिलं इंधन. रोज सकाळी ट्रकच्या फिल्टरच्या तळातून आणि यंत्राच्या टाकीच्या तळातून नमुना स्वच्छ बरणीत काढायचा. पाणी खाली वेगळं बसतं, गाळ दिसतो. रात्री गारठा आणि दिवसा ऊन असलं की अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, पाणी येतं ते तिथून. इंधन भरताना ट्रक आणि यंत्र तारेने जोडायचे, झाकण उघडण्याच्या आधी. कोरड्या हवेत स्थिर विजेची ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

दुसरं हवा. धुळीच्या जागी उतरताना इंजिन माती खातं. तोंडावरचा फिल्टर किंवा धूळ वेगळी काढणारं साधन रोज बघायचं. टर्बाइनची पाती झिजली की त्याच शक्तीला तापमान जास्त दिसतं. म्हणून ठराविक काळाने शक्ती-तपासणी करून आकडे नोंदवतात. तपासणीत नापास झालं तर वर खलाशीबुवांनी केलेला सगळा हिशोब खोटा, कारण तक्ता धडधाकट इंजिनासाठी असतो. समुद्रातून पाणी उपसलं असेल तर त्याच संध्याकाळी इंजिन गोड्या पाण्याने धुणं आणि खालचा पत्रा, हुक, जोड सगळं धुणं.

तिसरं 'चिप लाइट'. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकी खुंटी असते, तिला धातूचा कण चिकटला की कॉकपिटमध्ये दिवा लागतो. बहुतेकदा बारीक केसासारखा कण असतो. पण तो बारीक आहे हे ठरवायला आधी उतरावं लागतं, खुंटी काढून बघावी लागते. मग पुस्तकात त्या आकाराच्या कणाला काय सांगितलंय त्याप्रमाणे. इथे अंदाज चालत नाही.

---

सुमेधा_ठाणे

पान्हा, जबरदस्त. आणि बादलीचं काय बिघडतं? दिसायला तर साधी पिशवी.

---

पान्हा१३

साधी पिशवीच, म्हणून तर चालते. बांबी बकेट ही कॅनडातली, १९८० च्या दशकात आली. कापडी शंकू, वर तारांची जुडी, तारांच्या डोक्याशी एक विजेची पेटी. पेटीतली दोरी तळाची कापडी झडप वर ओढून धरते. पायलटने बटण दाबलं की दोरी सुटते, पाण्याच्या वजनाने झडप बाहेर पडते, पाणी सरळ खाली. वजन गेलं की पेटी दोरी परत गुंडाळते. काठाच्या एका बाजूला वजन असतं, त्यामुळे बादली पाण्यावर आडवी होऊन भरते.

बिघडतं ते असं. झडपेच्या दोरीची लांबी चुकली की झडप नीट बसत नाही आणि अर्धं पाणी वाटेतच गळतं. तारांना पीळ पडला की बादली तिरकी लटकते आणि पूर्ण भरत नाही. जमिनीवर ठेवताना पायलटने थोडं फरपटलं की कापड फाटतं, आणि खडकावर हे सारखं होतं. हुकजवळचा विजेचा प्लग ओला किंवा अर्धवट बसलेला असला की बादली उघडतच नाही. त्यामुळे उडण्याआधी जमिनीवर उघड-बंद करून बघणं सक्तीचं, हुकची आणीबाणीची सोडवणूकसुद्धा. कमी पाणी हवं असेल तर बादलीभोवतीचा पट्टा आवळायचा, पण तो जमिनीवरच. इंधन जळत जाईल तशी यंत्राची ताकद मोकळी होत जाते, पट्टा मात्र आहे तिथेच. म्हणून इंधनाच्या प्रत्येक थांब्याला पट्टा बघायची सवय हवी.

आणि रिकामी बादली वेगात मागे-वर उडते. दोर आखूड असेल तर टेल रोटरपर्यंत पोचू शकते. आखूड दोर, वेग आणि रिकामी बादली हे त्रिकूट जमू द्यायचं नाही.

---

जुना_खलाशी

एक पुरवणी. जुन्या बादल्यांवर इंपीरियल गॅलन लिहिलेले सापडतात. तो ४.५५ लिटरचा, अमेरिकी ३.७९ चा. १२० इंपीरियल म्हणजे १४४ अमेरिकी. वजनात २०० पाउंडांचा फरक! बादलीवरचा आकडा वाचताना कुठला गॅलन ते विचारा.

---

देवराई

लोकांच्या मनात एक समज पक्का आहे की हेलिकॉप्टर आग विझवतं. विझवत नाही. पाणी ज्वाळा खाली बसवतं, धग कमी करतं, म्हणजे जमिनीवरच्या माणसांना आगीच्या कडेजवळ जाऊन माती उघडी करत पट्टा खणता येतो. पट्टा नसेल तर तासाभरात तिथेच परत पेटतं. फार खालून किंवा हळू जाऊन पाणी टाकलं तर रोटरचा वाराच आग पसरवतो. आणि पाणी पडण्याआधी खालची माणसं बाजूला हवीत. पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन, वाळलेली फांदी मोडून डोक्यात घालायला पुरेसं.

आता हेलिस्पॉट, म्हणजे डोंगरात तात्पुरती उतरायची जागा. टाइप ३ ला ७५ फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ, टाइप २ ला ९०, टाइप १ ला ११०. आत टेकायची सपाट जागा अनुक्रमे १५, २० आणि ३० फूट चौरस. वारा दाखवणारी फीत बांधायची, तीसुद्धा रोटरमध्ये ओढली जाणार नाही अशी. मोकळा कागद, ताडपत्री, टोपी काही पडलेलं नको. चढ-उतरणीसाठी एक बाजू तरी झाडांविना हवी, आणि ती वाऱ्याच्या दिशेशी जुळायला हवी. नेमकी इथेच नवखी मंडळी फसतात: जागा सपाट बघतात, निघायची वाट बघत नाहीत.

यंत्राकडे जायचं ते पायलटच्या नजरेत, समोरून किंवा समोरच्या कोपऱ्यातून, वाकून. उतारावर असेल तर खालच्या बाजूने, कारण वरच्या बाजूला पाती जमिनीजवळ येतात. हत्यारं आडवी, खांद्याच्या खाली. शेपटीकडे कधीही नाही. हेल्मेटचा पट्टा बांधलेला.

---

कासपठार

सामान कसं पाठवतात? जवान चार दिवस वर राहणार तर जेवणखाण लागेलच.

---

देवराई

जाळीत बांधून, लांब दोराला लटकवून. नेहमीची जाळी १२ बाय १२ फुटांची, दोर आणि जाळीमध्ये फिरकी, बहुधा ३००० पाउंडांची. फिरकी नसली की ओझं गरगरतं आणि दोराला पीळ भरतो. जड वस्तू तळाला, टोकदार हत्यारं गुंडाळून. करवतीचं पेट्रोल जेवणापासून दूर, हे सांगायला लागू नये पण लागतं. पाणी खोक्यातल्या पाच गॅलनच्या पिशव्यांत येतं, एकेक १९ किलोची. अशा वीस म्हणजे ८४० पाउंड, टाइप ३ ची दुपारची एक खेप यातच संपते. पाण्याचं ओझं दोन खेपांमध्ये वाटून पाठवावं ते म्हणून. प्रत्येक ओझ्याला खऱ्या वजनाची चिठ्ठी, अंदाजाची नाही. तळावर काटा असतो, तो वापरावा.

हलकं पण फुगीर ओझं सगळ्यात वाईट. रिकामे डबे, झोपायच्या पिशव्या जाळीत भरल्या की वाऱ्यात पतंग होतो. त्यात थोडं जड काहीतरी घालतात, किंवा वेग कमी ठेवतात.

वैयक्तिक सामानाची मर्यादा एकूण ६५ पाउंड: ४५ ची मऊ पिशवी आणि २० चं पाठीवरचं कामाचं सामान. सुटकेस नाही, कारण ती कुठल्याच कप्प्यात दबत नाही. आतले कपडे सुती किंवा लोकरी. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. वरचे आगरोधक कपडे धुताना ब्लीच नको, सॉफ्टनरही नको. बूट चामड्याचे, किमान ८ इंच उंच.

---

सुमेधा_ठाणे

आणि शाकाहारी माणसाचं काय होतं? (हा प्रश्न येणार हे माहीतच असेल!)

---

रानवारा

मोठ्या छावणीत केटररला आधी सांगितलं की मिळतं. दुपारचं जेवण कागदी पिशवीत देतात: ब्रेड, फळ, सुका मेवा, बिस्किटं. डोंगरावरच्या तळावर जे येईल ते, त्यामुळे चेस ट्रकमध्ये (हेलिकॉप्टरच्या मागून पथकाचं सामान आणणारा ट्रक) स्वतःचा डबा हवाच. चिवडा उत्तम टिकतो, वजनालाही हलका.

---

कासपठार

आपल्याकडे सह्याद्रीत फेब्रुवारी ते जून वणव्यांचा काळ. हेलिकॉप्टर का नाही वापरत?

---

देवराई

भारतात वापर झालाय. हवाई दलाच्या एमआय-१७ ने बांबी बकेट लावून २०१९ मध्ये बंदीपूरला, जानेवारी २०२१ मध्ये नागालँड-मणिपूर सीमेवरच्या झुकू खोऱ्यात, मार्च २०२२ मध्ये सरिस्कात सिलिसेढ तलावाचं पाणी घेऊन, आणि एप्रिल २०२४ मध्ये नैनिताल भागात भीमताल तलावातून पाणी टाकलंय. पण हे बोलावल्यावर येणारं यंत्र. वर लिहिलेली ट्रक-मेकॅनिक-जवान ही कायमची जोडी त्यात नाही.

माझं मत: सह्याद्रीतला वणवा बहुतांशी गवताचा. तो वेगाने पठार चाटून जातो आणि यंत्र कुठल्या तरी तळावरून येईपर्यंत कड्याला जाऊन विझलेला असतो. तिथे हंगामाआधी काढलेली जाळरेषा, पाला उडवणारे ब्लोअर आणि गावातली दहा माणसं जास्त कामाची. खोल दरीतल्या, दिवसेंदिवस धुमसणाऱ्या आगीला हेलिकॉप्टरचा उपयोग होईल, आणि कोयनेसारखा जलाशय जवळ असेल तर फेऱ्याही पटापट होतील.

---

कातळ

आग लावणारं हेलिकॉप्टर असतं हे खरं का?

---

जुना_खलाशी

खरं. मुख्य आगीच्या पुढचं गवत-झुडूप आपणच ठरवून जाळलं की तिला खायला काही उरत नाही. हेलिकॉप्टरमध्ये गोळ्या टाकणारं वेगळं यंत्र बसवतात, त्यात सुमारे ३२ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या भरतात, आत पोटॅशियम परमँगनेट. गोळी बाहेर पडताना सुई तिच्यात ग्लायकोल टोचते आणि साधारण २० ते ३० सेकंदांत ती पेटते, तोवर जमिनीवर पोचलेली असते. धोका उघड आहे: टोचलेली गोळी यंत्रातच अडकली तर. म्हणून त्या यंत्राला स्वतःची पाण्याची टाकी असते, चालवणारा पट्ट्याने बांधलेला असतो, आणि उड्डाणाआधी अडकलेली गोळी काढायचा सराव केलेला असतो. काम संपल्यावर यंत्र धुवायचं. सुईशी परमँगनेटची भुकटी साठली तर पुढच्या वेळी तिथेच अडकतं.

---

सुमेधा_ठाणे

वारा-धूर किती असला की थांबतात?

---

जुना_खलाशी

दृश्यता अर्ध्या मैलाखाली गेली की थांबा. जमिनीपासून ५०० फुटांच्या आत टाइप ३ ला स्थिर वारा ३० नॉट, टाइप १ आणि २ ला ४०. झोतांमधला फरक १५ नॉटच्या वर गेला तर सगळ्यांनाच बंदी. एक इंजिनाच्या यंत्राला सूर्योदयाच्या ३० मिनिटं आधीपासून सूर्यास्तानंतर ३० मिनिटांपर्यंतच उडता येतं. उडत असताना ठराविक वेळाने, साधारण दर १५ मिनिटांनी, रेडिओवर ठावठिकाणा कळवायचा किंवा यंत्रातला ट्रॅकर चालू असल्याची खात्री करायची. आणीबाणीची सामाईक वारंवारिता १६८.६२५ मेगाहर्ट्झ, ती सगळ्यांच्या रेडिओत असते.

आणि हौशी ड्रोन. एक दिसला तरी सगळी यंत्रं जमिनीवर येतात.

---

पान्हा१३

स्थलांतराबद्दल एक राहिलं. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना बादली, पंप, दोर तसेच नेऊ नका. शिंपल्यांच्या आक्रमक जाती एका तलावातून दुसऱ्यात जातात. बादली पूर्ण रिकामी, चिखल काढून, ६० अंशांच्या गरम पाण्याने धुवून वाळवायची. घड्या घालून ओली ठेवली की आत ओल राहते, आणि शिवणी कुजतात ते वेगळंच.

---

कासपठार

६० अंशांचं पाणी डोंगरातल्या तळावर आणायचं कुठून?

---

पान्हा१३

गरम पाण्याचं प्रेशर मशीन ट्रेलरवर मिळतं, मोठ्या आगीवर ते पुरवठा विभागाकडे मागता येतं. मात्र बादलीचं कापड आणि पेटी यांना दाब जवळून मारायचा नाही. पेटीत पाणी शिरलं की आतली मोटर गेली. पेटी फडक्याने पुसायची, कापडावर फवारा लांबून. मशीन नसेल तर उन्हात पूर्ण वाळवायला दिवस हवेत, म्हणून जास्तीची बादली ट्रकमध्ये असलेली बरी: एक वाळत, एक कामावर.